करडईच्या पाकळ्यांचा चहा प्लेटलेटवर काम करतो का, हे तपासायचं कसं?

प्रश्न विचारणारे गृहस्थ बी. फार्म. झालेले आहेत, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले. त्यांच्या गावातला महिला बचत गट करडईच्या वाळलेल्या पाकळ्या चहासाठी विकतो. चिनी वैद्यकात याच पाकळ्या ‘होंगहुआ’ नावाने साचलेलं रक्त मोकळं करण्यासाठी देतात, हे त्यांनी वाचलं. मग गावातल्या सहा जणांना आठवडाभर चहा पाजला आणि आधी-नंतर तालुक्याच्या लॅबमध्ये बीटी-सीटी (टोचल्यावर रक्त थांबायला आणि नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ) करून घेतली. चौघांची बीटी अर्ध्या-एक मिनिटाने वाढली. आता त्यांचं विचारणं असं: ‘हा चहा रक्ताची गुठळी होऊ देत नाही’ असं पाकिटावर लिहिता येईल का? नसेल, तर पक्की तपासणी कशी करायची?

पाकिटावर लिहिता येणार नाही. दुसरा प्रश्न चांगला आहे, त्याचं उत्तर सविस्तर देतो. मी विदर्भातल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयात रक्त गोठण्याच्या तपासण्या करतो आणि झाडपाल्याचे अर्क बाटलीत भरून घेऊन येणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. बहुतेकांचा प्रश्न ‘परिणाम दाखवा’ असा असतो. परिणाम दाखवणं सोपं आहे. दाट अर्क प्लेटलेटवर ओतला की त्या मंदावतातच, मग तो करडईचा असो, डाळिंबाच्या सालीचा असो की बाभळीच्या शेंगेचा. तुमचा अर्क निकामी असेल तर ‘नाही’ असं उत्तर ज्यातून निघू शकेल, अशी तपासणी आखणं हे खरं काम आहे.

आधी बीटी-सीटीचं बोलू. रक्त थांबण्यात दोन वेगळी कामं असतात. बांध फुटला की आपण आधी दगडगोटे टाकतो आणि मग फटीत चिखल लिंपतो, तसं. प्लेटलेट या रक्तातल्या बारीक पेशी म्हणजे दगडगोटे; चिखलाचं काम फायब्रिन नावाच्या धाग्यांचं, ते प्लाझ्मातले (रक्ताच्या पातळ भागातले) गोठण्याचे घटक तयार करतात. सीटी, पीटी-आयएनआर आणि एपीटीटी या तपासण्या चिखलाच्या आहेत, त्यात प्लेटलेटचं काम दिसत नाही. बीटी प्लेटलेटची आहे खरी, पण फार ढोबळ. टोचणी किती खोल गेली, बोट गार होतं की गरम, टिपकागद रक्तालाच लावला की जखमेवर दाबला, यावर आकडा हलतो. तालुक्याच्या लॅबमध्ये दर तीस सेकंदांनी कागद टिपतात, म्हणजे अर्धा मिनिट हा त्या मोजमापाचा एकच टप्पा झाला. शस्त्रक्रियेत रक्तस्राव होईल का हे बीटीवरून सांगता येत नाही, अशी भूमिका अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी १९९८ सालीच घेतली होती. तेव्हा तुमच्या सहा जणांचे आकडे बाजूला ठेवा. त्यात चहा न प्यालेला कुणी नव्हता, आणि टोचणाऱ्यालाही ‘आधीचं’ कोणतं नि ‘नंतरचं’ कोणतं हे माहीत होतं.

प्लेटलेट एकमेकींना चिकटतात का, हे थेट पाहायची पद्धत गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ साली लंडनमध्ये मांडली. आजही कसोटीची पद्धत तीच. प्लेटलेटने भरलेला प्लाझ्मा गढूळ असतो, त्यातून उजेड कमी जातो. एडीपी किंवा कोलॅजेनसारखा चेतवणारा पदार्थ टाकला की प्लेटलेट गोळ्या धरतात, द्राव निवळतो, उजेड वाढतो आणि यंत्र त्याचा आलेख काढतं. या यंत्राला ॲग्रिगोमीटर म्हणतात. ते गावोगावी नसतं. नागपूर-वर्ध्याकडच्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत आधी फोन करून विचारा की ॲग्रिगोमेट्री चालू आहे का. यंत्र असलं तरी रसायनं संपलेली असणं ही नेहमीची गोष्ट.

इथे गावचा पहिला अडथळा येतो. रक्त काढल्यापासून साधारण चार तासांच्या आत तपासणी संपवायची असते, आणि त्यातला पाऊण-एक तास प्लाझ्मा वेगळा करून त्याला विसावा देण्यात जातो. दारव्ह्याहून नागपूर गाठेपर्यंत उरलेला वेळही संपत येतो. शिवाय प्लेटलेटना थंडी सोसत नाही. फ्रीजमध्ये किंवा बर्फावर ठेवल्या की त्यांचा आकार बदलतो. त्यांना वीस ते पंचवीस अंशांत ठेवावं लागतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे एसटी बसमध्ये किती तापतं ते तुम्हाला सांगायला नको. हादऱ्यांनी तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं एडीपी बाहेर पडतं, प्लेटलेट वाटेतच चेततात आणि यंत्रात थंड पडतात. मग तुम्हाला वाटेल चहाने कमाल केली! म्हणून नळी नागपूरला पाठवू नका. माणसं नेऊन यंत्राजवळच रक्त काढा. गाडीभाडं लागेल, पण त्याशिवाय हा प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रक्त कुणाचं घ्यायचं, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. ‘काही गोळ्या चालू आहेत का?’ असं विचारलं की आपल्याकडचा माणूस ‘नाही जी’ म्हणतो. मग विचारायचं, ‘कापूस वेचून आल्यावर कंबर दुखली तर काय घेता?’ तेव्हा खिशातून डायक्लोफिनॅकचं किंवा आयब्युप्रोफेनचं पाकीट निघतं. त्याच्या लेखी ते औषध नसतंच. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं एक विकर कायमचं बंद करतं, आणि प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते. म्हणून ॲस्पिरिन घेतलेल्या माणसाचं रक्त दहा दिवस घेऊ नये. बाकीच्या दुखण्याच्या गोळ्यांचा परिणाम लवकर उतरतो, पण मी सगळ्यांना दहा दिवसांचाच नियम लावतो; गोळीचं नाव कुणाला आठवत नसतं. अर्थात हे निरोगी माणसांपुरतं. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिलेल्या माणसाला ती तुमच्या प्रयोगासाठी बंद करायला सांगू नका, त्याला घेऊच नका.

त्या सकाळी उपाशीपोटी यायचं, चहा-बिडी नाही, तंबाखू-सुपारीचा खर्रा तर अजिबात नाही. खर्ऱ्याचं मुद्दाम बजावावं लागतं, कारण ‘काही खाल्लं नाही’ म्हणणाऱ्याच्या गालात तो हमखास असतो. आदल्या रात्री तेलकट जेवण झालं तर प्लाझ्मा दुधाळ येतो आणि उजेडाचं मोजमापच बिघडतं. जवसाच्या चटणीचं मला नेहमी विचारतात. रोज खाणारा असेल तर नोंद करा आणि प्रयोग संपेपर्यंत तेवढीच खायला सांगा, मध्येच बंद-चालू नको. आपल्या भागात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, तेव्हा निवडीआधी प्रत्येकाची सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या, आणि ती पॉझिटिव्ह आली तर त्या माणसाला समजावून पक्क्या निदानासाठी, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिससाठी, पाठवा. पावसाळ्यानंतर डेंग्यूचा हंगाम असतो, त्या काळात प्रयोग ठेवूच नका.

आता प्रयोगशाळेतलं काम. २१ गेजची सुई, दंडाला पट्टा सैल, पहिलं दोन-तीन मिलिलिटर रक्त दुसऱ्या नळीत. मग निळ्या झाकणाची ३.२ टक्के सोडियम सायट्रेटची नळी खुणेपर्यंत भरायची, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. फेस होऊ द्यायचा नाही. सेंट्रिफ्यूजला सुमारे २०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पट जोर), दहा मिनिटं, ब्रेक न लावता. कॉलेजचं सेंट्रिफ्यूज बहुधा जी दाखवणार नाही, फेरे दाखवेल. १५ सेंटिमीटर त्रिज्या असेल तर २०० जी म्हणजे मिनिटाला साधारण ११०० फेरे. बाकीचं रक्त पुन्हा १५०० जीला, त्याच यंत्रावर सुमारे ३००० फेऱ्यांनी पंधरा-वीस मिनिटं फिरवलं की प्लेटलेट नसलेला स्वच्छ प्लाझ्मा मिळतो. गढूळ प्लाझ्मा म्हणजे शून्य टक्के आणि हा स्वच्छ म्हणजे शंभर टक्के, अशी पट्टी यंत्राला आखून द्यायची असते.

गढूळ प्लाझ्माची नळी खिडकीच्या उजेडात धरून हळूच फिरवा. प्लेटलेट धडधाकट असतील तर आत मोतिया रंगाच्या लहरी धुरासारख्या वळताना दिसतात, कारण चपट्या प्लेटलेट वळता वळता उजेड परतवतात. लहर नाही, नुसतं फिकट गढूळ दिसतंय, म्हणजे प्लेटलेट आधीच चेतून गोल झाल्या आहेत. ती नळी टाकून द्या. यंत्र त्या नळीचाही आलेख काढेल, देखणा काढेल, पण त्याला अर्थ नाही.

तुमच्या पाकळ्यांची खरी अडचण रंगाची आहे. करडईत पिवळा हायड्रॉक्सीसॅफ्लॉर येलो ए आणि तांबडा कार्थामिन, असे दोन मुख्य रंग. पिवळा पाण्यात सहज उतरतो, तुमच्या चहात प्रामुख्याने तोच येतो, आणि चिनी संशोधनात औषधी गुण त्याच्याच नावावर मांडलेला आहे. चीनच्या औषधकोशात होंगहुआ पास व्हायला तो किमान १ टक्का असावा लागतो. तो सगळ्यात जास्त उजेड ४०३ नॅनोमीटरच्या आसपास शोषतो. बऱ्याच फार्मसी कॉलेजांत ॲग्रिगोमीटर नसतं, मग एलायझा रीडर या उजेड मोजणाऱ्या यंत्रावर ९६ खणांच्या प्लेटमध्ये हाच प्रयोग करतात आणि हाताशी असलेला ४०५ चा फिल्टर लावतात. म्हणजे द्राव निवळला की नाही याऐवजी पाकळ्यांचा पिवळा रंगच मोजणं झालं. रीडरच वापरायचा असेल तर ६०० च्या पुढचा फिल्टर घ्या. ॲग्रिगोमीटरवरही अर्क घातलेल्या नमुन्यासाठी स्वच्छ प्लाझ्मात तेवढाच अर्क घालून वेगळी पट्टी आखा. ही एक गोष्ट केली की निम्मे ‘चमत्कार’ तिथेच मावळतात. जमलं तर अखंड रक्तावरची इंपीडन्स पद्धत जोडीला करा, ती १९८० पासून वापरात आहे. त्यात प्लेटलेट तारांवर चिकटून विजेला किती अडवतात ते मोजतात, रंगाशी संबंध नाही. दोन्ही पद्धती एकच सांगत असतील तर मी विश्वास ठेवायला लागतो.

अर्काबरोबर नियंत्रणं लावा. एका नळीत नुसतं पाणी किंवा जे द्रावक वापरलं ते, तेवढ्याच मापाने; डीएमएसओ वापरलं तर शेवटच्या मिश्रणात अर्धा टक्क्याच्या वर नको. एका नळीत ॲस्पिरिन आणि चेतवायला ॲरॅकिडोनिक आम्ल: इथे प्लेटलेट गप्प राहायलाच हव्यात. नाही राहिल्या तर त्या दिवसाचं सगळं काम रद्द. एका नळीत दुसरा एखादा टॅनिनयुक्त अर्क, साध्या चहापत्तीचा चालेल, कारण टॅनिन हा तुरट घटक प्रथिनांना धरून प्लाझ्मा बिघडवतं आणि परिणामाचा भास होतो. अर्काचा सामू तपासून ७.४ च्या जवळ आणा. त्यातलं पोटॅशियम, कॅल्शियमही मोजून घेतलेलं बरं; काढ्यात क्षार बरेच उतरतात. शेवटी प्लेटलेट मेल्या तर नाहीत ना, हे एलडीएच हे पेशीच्या आतलं विकर बाहेर आलं का त्यावरून पाहा. मेलेली प्लेटलेटही चिकटत नाही.

चेतवणारा पदार्थ किती टाकायचा, यात पुष्कळ जण फसतात. एडीपी दहा मायक्रोमोलर टाकलं तर सौम्य औषधाचा परिणाम झाकला जातो. दोनपासून वर चढत जा आणि त्या माणसाच्या प्लेटलेट पुरत्या गोळ्या धरतील अशी सगळ्यात कमी मात्रा शोधा. ती प्रत्येकाची वेगळी निघते. मग त्याच मात्रेवर अर्क तपासा. कोलॅजेनही घ्या. पीएएफ नावाचा आणखी एक चेतवणारा पदार्थ आहे. पिवळा घटक पीएएफच्या ग्राहकावर बसतो असं चिनी प्रयोगशाळांनी मांडलं आहे, तेव्हा तो मिळाला तर उत्तम. ते प्रयोग वाचताना प्राणी कोणता होता ते बघा. सशाच्या प्लेटलेट पीएएफला जोरात प्रतिसाद देतात, पांढऱ्या रॅटच्या जवळपास देतच नाहीत. कॉलेजात रॅट सहज मिळतात म्हणून त्यांच्यावर पीएएफचा प्रयोग करणं म्हणजे उत्तर नसलेल्या दारावर टकटक.

आता मात्रेचा हिशेब, तो तुम्ही स्वतः कागदावर करा. कपात २ ग्रॅम पाकळ्या टाकल्या आणि त्यातलं तीस टक्के पाण्यात उतरलं असं धरू: ६०० मिलिग्रॅम. हे सगळंच्या सगळं आतड्यातून रक्तात गेलं, काहीच वाया गेलं नाही, असं उदारपणे मानू. मोठ्या माणसात प्लाझ्मा तीन लिटरच्या आसपास. म्हणजे मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅम. ही अशक्य वाटावी इतकी वरची मर्यादा आहे, कारण पिवळा घटक तोंडावाटे फार थोडा शोषला जातो. चीनमध्ये रुग्णालयात तो शिरेतून देतात, त्यामागे हेही एक कारण. आणि विद्यार्थी माझ्याकडे आणतात ते अर्क मिलिलिटरला पाच-दहा मिलिग्रॅमचे! त्या मात्रेला प्लेटलेट थांबल्या तर त्यातून चहाबद्दल काहीही कळत नाही. ०.२ पासून खाली उतरत जा. ०.०२ लाही फरक राहिला, तर मला फोन करावासा वाटेल असा निकाल आहे.

नळीतला निकाल आणि माणसातला निकाल उलटसुलटही निघू शकतो. क्लोपिडोग्रेल हे उत्तम उदाहरण. हृदयाच्या रुग्णांना रोज देतात, पण गोळीची भुकटी नळीतल्या प्लाझ्मात टाका, काही होणार नाही. यकृतात बदल झाल्यावरच ते काम करतं. म्हणून दुसरा टप्पा माणसांवरचा: चहा पिणं आणि आधी-नंतर रक्त घेऊन ॲग्रिगोमेट्री. एका गटाला करडईचा चहा, दुसऱ्याला त्याच रंगाचं नि चवीचं दुसरं पेय, मग किमान दोन आठवडे काहीच नाही, आणि नंतर अदलाबदल. दोन आठवडे अशासाठी की जुन्या प्लेटलेट संपून नव्या याव्यात. यंत्रावर बसणाऱ्याला नळीवर फक्त क्रमांक दिसला पाहिजे. माणसं किती लागतील, हे एकाच माणसाचा आकडा चहाविनाही रोज किती हलतो त्यावर ठरेल, म्हणून आधी तो फरक मोजा आणि संख्याशास्त्रज्ञाकडे जा. सहा नक्की पुरणार नाहीत.

यासाठी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, मराठीतलं संमतिपत्र आणि सीटीआरआय या माणसांवरच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत आधी नोंदणी लागते. तुमचे सहा जण कोणत्या मंजुरीने चहा प्याले ते मी विचारत नाही, पण पुढच्या वेळी कुणीतरी विचारेल. एखाद्या फार्मसी किंवा वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक मुख्य संशोधक म्हणून घेतले तर हे सगळं मार्गी लागतं. खर्चात यंत्रापेक्षा रसायनं आणि गाडीभाडं जास्त पडतं. एडीपी-कोलॅजेनची बाटली एकदा उघडली की फार टिकत नाही, म्हणून दात्यांना दोन-चार दिवसांतच एकापाठोपाठ बोलवा.

पाकळ्यांबद्दल दोन शब्द. आपल्याकडे करडई बहुतेक गहू-हरभऱ्याच्या कडेने लावतात, जनावरं आत शिरू नयेत म्हणून. गटाच्या पाकळ्या त्यामुळे दहा शेतांतून येतात. त्या एकत्र कालवून तपासू नका. करडईवर मावा पडला की डायमेथोएट मारतात. फवारलेल्या शेतातल्या पाकळ्या प्रयोगालाही नकोत आणि चहालाही. एकच शेत, एकच वाण, तोडणीची तारीख लिहिलेली पिशवी, सावलीत वाळवलेली. फुलासकट एक फांदी दाबून नागपूर विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात ओळख पटवून घ्या, कारण शोधनिबंध तपासणारा पहिलं तेच मागतो. चहा गटाच्या बायका जसा करतात तसाच करा, खळखळा उकळून नव्हे. पिवळा घटक उष्णतेत टिकत नाही.

आणि जे प्रयोगाची वाट न पाहता करायचं ते. चिनी वैद्यकातच होंगहुआ गरोदर बाईला वर्ज्य आहे, ही गोष्ट तुमच्या वाचनात आली असेल. गटाच्या विक्रीत ती सांगितली जाते का? पाळीच्या तक्रारीवर म्हणून हा चहा बायकांना सुचवला जात असेल तर हे सगळ्यात आधी थांबवा. ज्यांना हृदयात कृत्रिम झडप बसवली आहे आणि जे ॲसिट्रॉम ही रक्त गोठू न देणारी गोळी घेतात, स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल घेतात, ज्यांचं ऑपरेशन ठरलंय किंवा तापात प्लेटलेट कमी झाल्या आहेत, त्यांनी तो पिऊ नये. चहाने काही होत नसेल तर या लोकांचं काही बिघडणार नाही, पण होत असेल तर सगळ्यात आधी यांचंच बिघडेल. पाकिटावर ‘रक्त पातळ करतो’ असा मजकूर आधीच छापला असेल तर तो आजच काढा. खाद्यपदार्थ म्हणून विकायचा आणि रोग बरा करण्याचा दावा करायचा, हे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत बसत नाही आणि औषधं व चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यातही अडकू शकतं. त्या जागी गरोदरपणाची आणि रक्ताच्या औषधांची सूचना छापा.

पाकळ्या तोडायला फेब्रुवारी-मार्च उजाडेल. तोवर कॉलेज शोधणं, मंजुरीचा अर्ज आणि दात्यांची यादी एवढं होऊ शकतं. अर्काचा हिशेब आणि नियंत्रणांचा तक्ता करून इथेच टाका, नळ्यांची मांडणी मी बघून देतो.